अलिबागकडे छोटी चढण, वरून समुद्र दिसेल अशी: कनकेश्वर की कोर्लई? सोबत सासरे आणि पोरगा

पनवेलची_सून
नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये एका शनिवार-रविवारी नागावला राहायला जातोय. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासरे. सासऱ्यांचं वय ६८, शुगर आहे पण रोज सकाळी तासभर चालतात, डावा गुडघा मात्र मधूनमधून कुरकुर करतो. दर वेळी अलिबाग म्हटलं की बीच, घोडागाडी, बनाना राइड आणि संध्याकाळी मासे, आता अगदी कंटाळा आलाय त्याचा. मला एखादा असा डोंगर हवाय जो अर्ध्या दिवसात होऊन जाईल, दोर-बीर काही लागणार नाही आणि वाटेतच दोन-चार ठिकाणी थांबून खालचा समुद्र बघता येईल. सगळं फक्त माथ्यावर पोचल्यावर दिसणार आणि तोपर्यंत नुसतं झाडीतून वर वर जायचं असं असेल तर नको, कारण आमचं पोरगं दर दहा मिनिटांनी "अजून किती" विचारतं आणि त्याच्या तोंडावर फेकायला काहीतरी लागतं.

सासऱ्यांचं आजोळ रेवसकडचं, ते म्हणतात कनकेश्वरचा डोंगर, वर महादेवाचं देऊळ, दुसरं नाव काढू नका, आम्ही श्रावणात अनवाणी चढायचो. नवरा म्हणतो कोर्लईचा किल्ला, कारण तिकडे दीपगृहापर्यंत गाडी जाते म्हणे आणि चढ अगदी थोडा आहे. घरात दोन पक्ष पडलेत आणि मत माझं एकटीचं उरलंय. कोणी दोन्ही केलेत का? सकाळी जावं की संध्याकाळी? आणि कनकेश्वरच्या त्या सातशे पायऱ्या गुडघ्याला झेपतील का, खरं खरं सांगा.

चोंढीकर
ताई, मी इथलाच, त्यामुळे कनकेश्वरच्या बाजूने बोलणार हे धरूनच वाचा.

पहिली गोष्ट उंचीची. कनकेश्वर पावणेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि पुण्याकडचे पाहुणे हा आकडा ऐकला की हसतात, एवढंच ना म्हणतात. आता लोहगड हजार मीटरच्या वर आहे पण लोणावळाच मुळात सहाशेच्या पुढे बसलंय, म्हणजे लिहिलेल्या उंचीतली निम्म्याहून जास्त तुम्ही ट्रेनमध्ये बसून चढलेली असता. आमचं पायथ्याचं मापगाव जवळजवळ समुद्राच्या पातळीला आहे, इथे जेवढी उंची लिहिलीय तेवढी सगळी तुमच्या पायांनीच भरायची. त्यात हवा दमट, घाम येतो पण वाळत नाही. म्हणून छोटा डोंगर म्हणून पाण्याची एकच बाटली घेऊन निघू नका, माणशी दीड-दोन लिटर तरी ठेवा.

वाट चुकायचा प्रश्नच नाही, मापगावातून पायऱ्या सुरू होतात त्या थेट वर देवळापर्यंत. सातशेच्या वर आहेत. रघुजी आंग्र्यांच्या दिवाणांनी १७६४ मध्ये बांधून घेतलेल्या, काळा दगड, मधोमध पाय पडून पडून गुळगुळीत झालेल्या. आणि एकसारख्या नाहीत. एक पायरी वीतभर उंच, पुढची गुडघ्याला येईल अशी, मग चार पावलं सपाट फरसबंदी, परत तीन उंच पायऱ्या. बिल्डिंगच्या जिन्यासारखा ठेका धरून चढणाऱ्याचा ठेका इथे सारखा मोडतो आणि तिथेच दम लागतो. आजोबांना सांगा मोजायच्या नाहीत, नुसतं चालायचं.

थांबायच्या जागा जुन्या लोकांनीच नावं देऊन ठरवून ठेवल्यात. जांभळी टप्पा, नागोबाचा टप्पा, देवाची पायरी. पोराला ही नावं आधीच सांगून ठेवा, "अजून किती"ला उत्तर म्हणून "आता नागोबा येईल" एवढं पुरतं. झाडी दाट आहे पण मध्ये मध्ये उघडते आणि मागे वळलं की खाली मापगावची शेतं, नारळी-पोफळी, त्यापलीकडे किहीम-थळचा किनारा आणि समुद्रात खांदेरी-उंदेरी. जवळचं बुटकं ते उंदेरी आणि लांबचं मोठं, दीपगृहवालं ते खांदेरी. पोराला सांगा की खांदेरी शिवाजी महाराजांनी १६७९ ला बांधायला घेतला, तर सिद्दीने लगोलग दुसऱ्या वर्षी शेजारी उंदेरी बांधून ठेवला, नुसता त्यांना त्रास द्यायला. पोरांना हे भांडण लगेच समजतं. त्यातला खांदेरी २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. उंदेरी बिचारा राहिला.

वरच्या अंगाला चढ ओसरतो, बरीचशी वाट सपाटीची होते, आणि मग देऊळ आणि पुढ्यात दगडी बांधीव पुष्करणी. तिथे सावलीत बसलात की आजोबा तासभर उठणार नाहीत, तेवढा वेळ धरूनच या. सगळं मिळून चढायला सव्वा ते दीड तास, आरामात.

दगडधोंडे
पायऱ्या म्हणजे ट्रेक नाही राव. सॉरी पण सातशे पायऱ्या चढायच्या तर पनवेलला एखाद्या टॉवरची लिफ्ट बंद पडायची वाट बघा. अलिबागला येताय तर सागरगड करा ना, खंडाळे गावातून वर, आधी सिद्धेश्वरचं देऊळ, मग माचीवरचं गाव, मग किल्ला आणि टोकाला तो वानरटिंगी सुळका, खाली दरी. पावसाळ्यात तर धोंडाण्याचा धबधबा समोरच. कनकेश्वरपेक्षा शंभर पटीने भारी.

चोंढीकर
भारी आहेच, कोण नाही म्हणतंय. पण ताईंनी अर्ध्या दिवसाचं विचारलंय आणि सोबत अडुसष्ट वर्षांचे आजोबा आहेत. सागरगडला जायलाच दोन-अडीच तास, माचीच्या पुढे वरच्या पठारावर सावली नाही, आणि वानरटिंगीच्या कड्यावर नऊ वर्षांचं पोर सांभाळायचं म्हणजे बाकी काही बघून होत नाही. तुम्ही आणि तुमचे मित्र जा, आजोबांना राहू द्या.

कोर्लईचा_जावई
नवरोबांच्या बाजूने बोलायला कोणीतरी हवं म्हणून लिहितोय.

कोर्लईचा किल्ला म्हणजे समुद्रात घुसलेली एक लांबट अरुंद टेकडी आहे, होडी उपडी घातल्यासारखी. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी. दीपगृहाच्या मागून पायऱ्या आहेत, पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही वर. आणि वर गेलात की कनकेश्वरसारखं झाडातून डोकावून बघायचं नाही, तटावर उभं राहिलं की तिन्ही बाजूंनी पाणीच पाणी. उत्तरेला खाडीच्या पलीकडे नारळात दडलेला रेवदंड्याचा कोट, पूर्वेला साळावची जेटी आणि खाडीचा पूल, खाली कोळीवाड्याच्या निळ्या-हिरव्या होड्या ओळीने लागलेल्या.

किल्ल्याला एकामागून एक आडव्या भिंती आणि दरवाजे आहेत, म्हणजे एक भाग पडला तरी पुढचा लढवता यावा. पोरं या दारातून त्या दारात पळत सुटतात. बुऱ्हाण निजामशहाने बांधायला काढला, १५९४ मध्ये चौलच्या पोर्तुगीजांनी हल्ला करून घेतला, १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. माथ्यावर छप्पर गेलेलं चर्च अजून उभं आहे, गोड्या पाण्याचं टाकं आहे, तोफा पडल्यात. आणि गावातले ख्रिस्ती लोक घरात अजूनही पोर्तुगीज मिसळलेली त्यांची स्वतःची बोली बोलतात, जगात ती फक्त इथेच. चहाच्या टपरीवर दोन म्हाताऱ्या बायका बोलत असतील तर कान देऊन ऐका, मराठी वाटता वाटता मध्येच हातातून सुटते.

आता वाईट पण सांगतो. दीपगृहापर्यंतचा रस्ता कोळीवाड्यातून जातो आणि तो दोन माणसांचा रस्ता आहे, एका बाजूला घराचे ओटे आणि दुसऱ्या बाजूला बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले. शनिवारी संध्याकाळी समोरून दुसरी गाडी आली की दोघांपैकी एकाला रिव्हर्समध्ये कोळीवाडा बघायला मिळतो. गाडी गावाबाहेरच लावा आणि चालत जा, ते चालणं पण मस्त आहे. दुसरं म्हणजे तटाला बरेच ठिकाणी कठडा नाही, पोराचा हात सोडू नका. तिसरं, वर झाड म्हणून नाही, दुपारी बाराला गेलात तर आजोबांचे शाप लागतील. दीपगृह बघायचं असेल तर वेळ आधी विचारून घ्या, दिवसभर उघडं नसतं.

दगडधोंडे
वीस मिनिटं म्हणजे तो पण ट्रेक नाही 😀

कोर्लईचा_जावई
तुम्हाला एव्हरेस्टशिवाय काही चालत नाही हो, जेवण झालं का तुमचं?

खारा_वारा
दोन्ही बाजू वाचल्या. माझं म्हणणं असं की कुठे जायचं यापेक्षा कधी जायचं हे आधी ठरवा, मग जागा आपोआप ठरते. घरचा धंदा मासेमारीचा असल्यामुळे आम्ही घड्याळाच्या आधी वारा बघतो.

थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई असतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, गार आणि कोरडा. दुपारनंतर खारा सुटतो, समुद्राकडून आत. पण यांच्या मध्ये एक वेळ अशी येते की मतलई पडलेला असतो आणि खारा अजून उठलेला नसतो. साधारण साडेनऊ-दहापासून पुढे तासभर, कधी दीड तास. पान हलत नाही. होडीचं शीड नुसतं लोंबत राहतं. किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला काही वाटत नाही पण डोंगराच्या झाडीत चढणीवर असलेल्या माणसाचा जीव घुसमटतो. आणि पर्यटक काय करतात, आरामात उठतात, नाश्ता करतात, नऊ-साडेनऊला पायथ्याशी गाडी लावतात. म्हणजे बरोबर त्या पडलेल्या वाऱ्यात अर्ध्या डोंगरावर. मग खाली येऊन सांगतात कनकेश्वर फार दमवतो बुवा. कनकेश्वर नाही दमवत, वेळ दमवते.

अजून एक. मापगावची वाट डोंगराच्या पश्चिम अंगाने चढते. सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीमागून येतो, म्हणजे बराच वेळ सगळी वाट सावलीत. दुपारी तीनला सुरू केलंत तर तोच सूर्य तोंडावर. आणि नजाऱ्याचं पण तसंच आहे, सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून समुद्रावर पडतं म्हणून खांदेरीचं दीपगृह, उंदेरीचा तट, होड्यांची शिडं सगळं सुटं सुटं दिसतं. संध्याकाळी पश्चिमेला बघाल तर नुसती झळाळी, दोन्ही बेटं म्हणजे दोन काळे ठिपके. फोटोला छान, बघायला काही नाही.

कोर्लईचं उलट. तिथे सावलीचा प्रश्नच नाही, सगळाच उघडा, पण चढ थोडा असल्यामुळे साडेचारला खारा अंगावर घेत वर जायचं, सूर्य समुद्रात जाताना बघायचा आणि उजेड असेपर्यंत खाली. डिसेंबरमध्ये सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो, नंतर झटकन काळोख पडतो, टॉर्च ठेवा.

म्हणजे सकाळ असेल तर कनकेश्वर आणि संध्याकाळ असेल तर कोर्लई. तुम्ही दोन दिवस आहात, भांडता कशाला, दोन्ही करा.

पनवेलची_सून
अगं बाई, हे तर कोणीच सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले "हेच तर मी सांगत होतो", जे ते अजिबात सांगत नव्हते. नवरा पण खूश.

मग शनिवारी दुपारी कोर्लई आणि रविवारी सकाळी कनकेश्वर असं ठरवतेय. पण गुडघ्याचं कोणीच बोललं नाही. चढताना ते चढतील, मला भीती उतरायची आहे. आणि वर माकडं आहेत का? पोराला माकडांची फार भीती, म्हणजे आधी चिडवतं आणि मग घाबरतं.

थळची_काकू
सूनबाई, मी श्रावणी सोमवारी जाते अजून, गुडघे माझेही काही विशीतले नाहीत, म्हणून सांगते.

चढण्याला दम लागतो आणि उतरण्याला गुडघा, हे बरोबर. उतरताना उंच पायरीवरून सरळ खाली पाय टाकला की सगळं वजन धाडकन त्या एका गुडघ्यावर येतं. थोडं तिरकं उतरायचं, आणि दुखरा पाय आधी खाली ठेवायचा, मग चांगला. चढताना उलट, चांगला पाय आधी वर. सासऱ्यांना हातात काठी द्या, नाही म्हणतील, तरी द्या. आमच्याकडे मापगावात कोणाच्याही कुंपणात बांबू मिळेल, ती स्टायलिश ट्रेकिंगची काठी नसली तरी चालते. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. डावा गुडघा म्हणालात ना, मग काठी उजव्या हातात. लोक हमखास उलटी धरतात.

शुगर आहे तर रिकाम्या पोटी अजिबात चढवू नका. पहाटे निघायचं म्हणून गोळी घेतली आणि नाश्ता "वर गेल्यावर बघू" असं केलं की मध्येच घाम फुटतो, हात थरथरतात. दोन पोळ्या-भाजी खाऊन निघा, खिशात चार खजूर किंवा राजगिऱ्याची वडी. आणि डॉक्टरांना एकदा विचारून या, मी डॉक्टर नाही.

माकडं आहेत. प्लॅस्टिकची पिशवी कुरकुरली की येतात. खाऊ पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून, हातात पिशवी नको. पोराला सांगा दात दाखवून हसायचं नाही त्यांच्याकडे बघून, त्यांना तो दम दिल्यासारखा वाटतो. बाकी काही करत नाहीत.

आणि चप्पल सॅंडल घालून या, पण मागे पट्टा असलेली. सपाता नको. वाळलेली पानं पायरीवर पडलेली असतात, त्याखाली बारीक खडी, सपाता सटकते.

चोंढीकर
काकूंनी सगळं सांगितलं, एकच जोडतो. बसताना दगडाच्या सांदीत हात घालू नका, पोराला पण सांगा. आपल्याकडे फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतं आणि ते दगडाच्या रंगाचं, दिसत नाही. घाबरवत नाहीये, नुसतं बघून बसा. पायऱ्यांवर रहदारी असते तिथे सहसा नाहीच दिसत.

अंजनी
मी पक्षी बघायला जाते कनकेश्वरला, म्हणून जरा वेगळं. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात बोलणं कमी ठेवलंत तर झाडी जिवंत होते. थंडीत हळद्या असतो, स्वर्गीय नर्तक असतो, ती लांब पांढरी शेपटी झाडातून फितीसारखी सरकताना दिसली की पोरगा "अजून किती" विसरेल. तांबटाचं टुक टुक तर सतत. शेजारी किहीम आहे, जिथे सलीम अलींनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला होता, त्यावर त्यांनी निबंधही लिहिला. एवढं सगळं हाताशी असताना लोक ब्लूटूथ स्पीकर घेऊन वर येतात. पाठीला बॅग, बॅगेला स्पीकर, आणि त्यावर तीच ती गाणी जी खाली बीचवर पण चालू होती. एकदा एका ग्रुपला म्हटलं जरा बंद करता का, तर म्हणे मॅडम माकडं पळतात त्याने. माकडं त्यांच्या वेफर्सच्या मागे निवांत बसली होती.

मार्च-एप्रिलमध्ये याल तर अंजनी फुललेली दिसेल, खोडाला चिकटून जांभळी निळी फुलं. मेमध्ये करवंदं. पण त्या दिवसांत पहाटे सहालाच सुरू करायचं, नाहीतर नको.

प्रश्नचिन्ह_२२
कनकेश्वरवरून मुंबई दिसते असं ऐकलंय, खरं का? की हॉटेलवाल्यांची थाप?

खारा_वारा
दिसते. पण तुमच्या नशिबावर नाही, हवेवर. डिसेंबर-जानेवारीत सकाळी मुंबईच्या अंगाला धुरकट पट्टा धरलेला असतो, थंड हवा खाली बसते आणि धूळ-धूर तिच्यात अडकून राहतो. तेव्हा थळ-किहीम स्वच्छ दिसेल, अलिबागही दिसेल, पण उत्तरेला नुसता दुधी पडदा. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस पडून उघडीप मिळाली की दुसऱ्या दिवशी जा, हवा धुतलेली असते, तेव्हा मुंबईच्या उंच इमारती दिसतात आणि पूर्वेला धरमतरची खाडी पण वळणावळणाने दिसते. ताईंनी पोराला मुंबई दाखवतो असं कबूल करू नये, खांदेरी दाखवतो म्हणावं.

कोर्लईचा_जावई
महत्त्वाचं राहिलंच. ताई, तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर उघडून दत्तजयंती बघा. मार्गशीर्ष पौर्णिमेला असते, म्हणजे बहुतेक डिसेंबरातच. चौलच्या डोंगरावर दत्ताचं देऊळ आहे, भोवाळ्याला, आणि तिथली यात्रा पाच दिवस चालते. नागावहून कोर्लईला जायचा रस्ता चौल-रेवदंड्यातूनच आहे. त्या दिवसांत संध्याकाळी निघालात तर सूर्यास्त गाडीतून, एसटीच्या मागच्या काचेत बघाल.

यात्रा आवडत असेल तर मात्र उलट करा, कोर्लई सोडा आणि दत्ताच्या पायऱ्या चढा. तिथूनही चौल-रेवदंड्याच्या वाड्या आणि समुद्र दिसतो, रात्री दिवे लावलेले असतात, खाली खेळणी, पाळणे, भांड्यांची दुकानं, मिठाई. पोरगा खूश. पण शांतता विसरा.

पनवेलची_सून
बघितलं कॅलेंडर, आमच्या तारखेला नाहीये यात्रा, वाचलो. सासरे मात्र आता म्हणतायत तारीख बदला, यात्रेला जाऊ 🙄 थांबते आता, नाहीतर चौथा पर्याय निघेल.

गाडी मापगावात कुठे लावायची? आणि खाली नाश्त्याचं काही मिळेल का सकाळी सातला?

चोंढीकर
पायऱ्या सुरू होतात तिथे जवळ जागा आहे, रविवारी आठनंतर भरते, सातला मिळेल. कोणाच्या अंगणासमोर लावू नका एवढंच, विचारलंत तर लोक स्वतःहून जागा दाखवतात. नाश्त्याच्या भरवशावर येऊ नका, काकूंनी सांगितल्याप्रमाणे नागावलाच खाऊन निघा. नागावहून अलिबाग पार करून यायचंय, वीस किलोमीटरच्या आसपास, सकाळी सहाला निघालात तर पावणेसातपर्यंत पायथ्याला. वर देवळाजवळ चहा-पोहे मिळायचे ते वार बघून, सोमवारी नक्की, इतर दिवशी कोणी आहे का बघायचं.

उतरून येईपर्यंत अकरा वाजतील. परत नागावला जाताना चोंढीच्या नाक्यावर भाजीवाल्या बसलेल्या असतात, थंडीत अलिबागचा पांढरा कांदा नवीन यायला लागतो, माळ करून विकतात. डिसेंबरच्या सुरुवातीला नाही मिळाला तर जुना गळ्यात मारून घेऊ नका.

लोकलवाला
धागा वाचून जावंसं वाटतंय पण आमच्याकडे गाडी नाही, दादरहून निघणार, एका दिवसात कनकेश्वर करून परत येता येईल का? आणि खारा वारा दादांच्या हिशोबाने सकाळी सातला पायथ्याशी कसं पोचायचं?

चोंढीकर
सातला नाही पोचणार. गेटवेवरून मांडव्याची पहिली बोट पकडा, तासाभरात मांडवा, तिथून बोटवाल्यांचीच बस अलिबागला जाते, तिकिटात धरलेली असते, तिच्यातून चोंढीला उतरायचं. चोंढीहून मापगावला मिनीडोर, म्हणजे शेअरची मोठी रिक्षा, मिळते, भरली की सुटते, घाई असेल तर सगळ्या सीटचे पैसे देऊन लगेच निघता येतं. हे सगळं धरून पायथ्याशी साडेआठ होतील. चढायला लागा, पण नागोबाच्या पुढे वारा पडला की बसून घ्या, खारा येईपर्यंत. तुम्हाला परतीची बोट संध्याकाळची आहे, गडबड कशाची.

पावसाळ्यात गेटवेची बोट बंद असते, भाऊच्या धक्क्यावरून गाड्याही नेणारी रो-रो बोट चालू असते बहुतेक, हवा फार खराब असली की तीही रद्द होते, निघण्याआधी चौकशी करा. आणि पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, वर सगळं ढगात असतं, पुष्करणीच्या पलीकडचं देऊळ दिसलं तरी खूप.

लोकलवाला
थँक्स दादा. मिनीडोर परत यायला दुपारी मिळते का मापगावातून, की चोंढीपर्यंत चालायचं?

थळची_काकू
मिळते, पण दुपारी एक ते तीनच्या मध्ये ड्रायव्हर जेवून झोपलेले असतात. एकच्या आत उतरा नाहीतर तीननंतर.